पाइपाच्या पोकळीतलं वर्गमूळ

दोन इंची पाइपात कुठेही दोन इंच नसतात. बाहेरून मोजा, ६०.३ मिलिमीटर भरतो, म्हणजे दोन इंचांहून चांगला साडेनऊ मिलिमीटर जास्त. आतून मोजा, मध्यम जातीचा, म्हणजे आमच्या भाषेत बी क्लासचा असेल तर ५३.१. तिथेही दोन इंच नाहीत. तरी गिऱ्हाईक दोन इंची मागतं, आम्ही बिलावर दोन इंची लिहितो आणि कुणाचं काही अडत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एकोणीस वर्षं मी बिलं करते आहे. ६०.३ आणि ५३.१ हे दोन आकडे या एकोणीस वर्षांत माझ्या डोळ्यांपुढून किती वेळा गेले असतील, देव जाणे. गेल्या बुधवारी रात्री पावणेबाराला यातला दुसरा आकडा एका वर्गसमीकरणातून आपसूक बाहेर पडला आणि मी खुर्चीवरून उठून ओरडले. नवरा आतून धावत आला. त्याला वाटलं, झुरळ.

झुरळ नव्हतं. विवेचक होता.

नीट सांगते. पण आधी आमचा बाजार. मुंबईहून पुण्याला निघालेले लोक एक्स्प्रेसवे धरायच्या घाईत कळंबोलीच्या सर्कलला वळसा घालून निघून जातात. बाजूला काय आहे ते बघायला कुणी थांबत नाही. मुंबईच्या पोटातला लोखंडाचा धंदा शहराबाहेर काढायचा म्हणून सिडकोनं वसवलेली ही गोदामांची वस्ती. सळया, अँगल, चॅनल, पत्रे, कॉइल, पाइप. दिवसभर ट्रेलर, हायड्रा क्रेन, माथाडींच्या टोळ्या आणि वजनकाटे. गिऱ्हाईक मागणार मीटरवर नाहीतर नगावर, माल तोलला जाणार किलोवर, आणि या दोन्हींच्या मधे कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली बाई म्हणजे मी.

या बाजारात दोन मंत्र चालतात. पहिला सळईचा: व्यासाचा वर्ग भागिले १६२. बारा एमएमची सळई, बारा बारे एकशे चव्वेचाळीस, भागिले १६२, मीटरला ०.८८९ किलो. हा मंत्र इथल्या चहावाल्या पोऱ्यालाही पाठ असतो. दुसरा पाइपाचा, तो जरा वरच्या इयत्तेतला: ओडी वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४६६. ओडी म्हणजे बाहेरचा व्यास. ६०.३ मधून ३.६ गेले, उरले ५६.७, त्याला पुन्हा ३.६ नं गुणलं, २०४.१२, त्याला ०.०२४६६ नं गुणलं, की मीटरला ५.०३ किलो. हे १६२ आणि हे ०.०२४६६ आले कुठून, असं मी कधी कुणाला विचारलं नाही. सात साते एकोणपन्नास का, असं कोण विचारतं?

तर बुधवारी संध्याकाळी दोन इंची चाळीस पाइपांचा गठ्ठा आला. या पाइपांवर रंगाचा पट्टा असतो. पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. या मालावरचा पट्टा पावसात पडून पडून गेलेला. चलनावर जाडीचा रकाना कोरा. काट्याची चिठ्ठी तेवढी होती: १२१० किलो. चाळीस नग, सहा-सहा मीटरचे, म्हणजे २४० मीटर. मीटरला ५.०४ किलो. आता जाडी किती? व्हर्नियर लावून मोजा म्हणाल. मोजली असती, पण हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी घरी होते, गोदामाला कुलूप होतं आणि बिल सकाळी आठाला जायचं होतं.

अशा वेळी मी जे एकोणीस वर्षं करत आले तेच करायला बसले. अंदाज. जाडी ३.२ धरून बघ, वजन कमी भरतं. ४ धरून बघ, जास्त भरतं. मग मधलं काहीतरी. जाडीवरून वजनाकडे जायचा रस्ता मला तोंडपाठ, पण वजनावरून जाडीकडे परत यायचं तर चाचपडत, भिंतीला हात लावत.

जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमची लेक बसली होती. यंदा दहावी. पुढ्यात गणित भाग १, प्रकरण दुसरं. बराच वेळ माझी टकटक ऐकून म्हणाली, ‘आई, मघापासून तेच तेच काय करत्येस?’ मी सांगितलं. वहीतून मान वर न करता ती म्हणाली, ‘अगं, हे वर्गसमीकरण आहे.’

माझी दहावी १९९४ ची. वजा ब, अधिक-उणे, वर्गमुळात ब वर्ग वजा चार अ क, भागिले दोन अ. हे आम्ही आरतीसारखं म्हणायचो. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी. आरतीतल्या शब्दांचा अर्थ जसा कुणी विचारत नाही, तसाच याचाही विचारला नाही. सूत्रात किमती भरायच्या, दोन उत्तरं काढायची, त्यातलं एक ऋण आलं की ‘पण लांबी ऋण नसते’ असं लिहून ते खोडायचं, पाच पैकी पाच. मार्च महिना संपला तसं ते सूत्र मी विसरले म्हणावं, तर विसरलेही नव्हते. अडगळीच्या खोलीत जुना बंब असतो ना, आहे हे ठाऊक असतं, पेटवत कुणी नाही, तसं.

लेकीनं माझ्या हातातली चिठ्ठी घेतली आणि मागच्या बाजूला लिहायला लागली. जाडीला म्हणू क्ष. तुझा मंत्र काय? ६०.३ वजा क्ष, गुणिले क्ष, गुणिले ०.०२४६६, बरोबर ५.०४. तो नकोसा दशांश आधी पलीकडे ने: ५.०४ भागिले ०.०२४६६, आले २०४.४. म्हणजे ६०.३ क्ष वजा क्ष वर्ग बरोबर २०४.४. सगळं एका बाजूला आण: क्ष वर्ग वजा ६०.३ क्ष अधिक २०४.४ बरोबर शून्य. ‘झालं. आता तू कर,’ म्हणाली, आणि स्वतःच्या उदाहरणाकडे वळली.

मी केलं. अ एक. ब वजा ६०.३. क २०४.४. ब चा वर्ग ३६३६.०९. चार अ क म्हणजे ८१७.६. वजा केले, २८१८.४९. वर्गमुळाचं बटण दाबलं.

५३.०९.

हा आकडा मी ओळखते! हा बोअर आहे, या पाइपाचा आतला व्यास! काट्याला दहा किलोच्या खालचं कळत नाही, म्हणून शेवटच्या घरात केसाइतका फरक, नाहीतर अगदी ५३.१. पण मी आतला व्यास काढत नव्हते हो! मी जाडी काढत होते. अजून भागिले दोन व्हायचं होतं, अधिक-उणे व्हायचं होतं, सूत्र अर्ध्यावर होतं. आणि अर्ध्या सूत्राच्या आत, त्या वर्गमुळाच्या छपराखाली, पाइपाची पोकळी बसली होती!

याच क्षणी झुरळाचा गैरसमज झाला.

मग उरलेलं सरसर. ६०.३ मधून ५३.०९ गेले, उरले ७.२१, त्याचे अर्धे ३.६. जाडी ३.६, बी क्लास, निळा पट्टा. अर्थात! बाहेरच्या व्यासातून पोकळी काढली की दोन्ही बाजूंच्या भिंती उरणार, म्हणून तर भागिले दोन! आरतीतला एकेक शब्द उभा राहून माझ्याशी बोलायला लागला. ‘वजा ब’ म्हणजे पाइपाचा बाहेरचा व्यास. ‘वर्गमुळात ब वर्ग वजा चार अ क’ म्हणजे पोकळी. ‘भागिले दोन’ म्हणजे दोन भिंती. लेक आता माझ्या खुर्चीमागे येऊन उभी होती. म्हणाली, ‘आमच्या पुस्तकात ब वर्ग वजा चार अ क ला विवेचक म्हणतात. तो शून्यापेक्षा मोठा असला तर मुळे वास्तव आणि असमान, शून्य असला तर वास्तव आणि समान, लहान असला तर मुळे वास्तव नाहीत.’ हे तिनं एका दमात म्हटलं. तीही आरतीच होती.

मी म्हटलं, थांब. शून्य असला तर?

पोकळीच शून्य. म्हणजे पाइप नाहीच, भरीव सळई. जाडी व्यासाच्या निम्मी. दोन्ही मुळे समान, ३०.१५ आणि ३०.१५. मग वजन किती? व्यासाचा वर्ग बरोबर चार गुणिले वजन भागिले ०.०२४६६. म्हणजे वजन बरोबर व्यासाचा वर्ग गुणिले ०.०२४६६ भागिले चार. म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले... चार भागिले ०.०२४६६ दाबताना माझं बोट खरोखर थरथरत होतं. १६२.२!

एकशे बासष्ट! चहावाल्या पोऱ्याचं १६२! बाजारातले दोन वेगवेगळे मंत्र म्हणून मी जे एकोणीस वर्षं वापरत आले ते दोन नव्हतेच. सळई म्हणजे विवेचक शून्य झालेला पाइप. आणि तो ०.०२४६६ तरी कोण? लेकीनं दोन मिनिटांत काढून दिलं: लोखंडाच्या एका घनमीटरचं वजन ७८५० किलो, ते मिलिमीटरच्या हिशेबात आणून त्याला पायनं गुणायचं. बस, इतकंच.

बारा वाजून गेले होते. आमच्या केएल-५ वसाहतीतल्या घराच्या खिडकीतून हायवेवरच्या ट्रेलरचे हॉर्न येत होते. नवरा ‘सकाळी डबा आहे’ असं दोनदा म्हणून झोपायला गेला. लेकीला आता खोडी सुचली. ‘आई, समज चिठ्ठीवर मीटरला २३ किलो लिहून आलं.’ मी भरलं. २३ भागिले ०.०२४६६, ९३२.७; त्याची चौपट ३७३०.८, आणि ब वर्ग तर ३६३६च. विवेचक ऋण, कॅल्क्युलेटरवर एरर. मुळे वास्तव नाहीत. वास्तव नाहीत म्हणजे? म्हणजे ६०.३ व्यासाचा सबंध भरीव दांडा घेतला तरी तो मीटरला साडेबावीस किलोच्या आतच राहतो. त्याहून जड पाइप या जगात नाही. जाडी शोधत बसू नका, चिठ्ठी परत पाठवा! तीस वर्षांपूर्वी ‘मुळे वास्तव नाहीत’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकेत किती निर्विकारपणे लिहिलं असेल. त्यात काट्यावरची चोरी पकडायची सोय आहे, हे कुणी सांगितलं असतं तर मी वाणिज्य शाखेकडे वळलेच नसते. (वळले असते. गुण तेवढेच होते. पण जरा मागे वळून बघत वळले असते.)

एक मूळ मात्र राहिलं होतं. अधिक-उणेमधलं उणे घेतलं की ३.६. अधिक घेतलं की ६०.३ अधिक ५३.०९, भागिले दोन, ५६.७. हे कोण? ६०.३ च्या पाइपाची भिंत ५६.७ जाड असू शकत नाही, ती समोरची भिंत फोडून जायला निघेल. लेक म्हणाली, ‘अग्राह्य,’ आणि रेघ मारली. परीक्षेत हेच करायचं असतं. तेही बरोबरच. पण मला त्या रात्री कुणालाच खोडायचा धीर होत नव्हता. ऋण नाही, काही नाही, चांगलं भरभक्कम ५६.७ आहे, काहीतरी सांगायला आलं असणार. मी पाइपाचं तोंड काढलं, एक गोल आणि आत एक गोल, आणि मधून आडवी रेघ मारली. डावीकडून निघा. भिंत ३.६, मग पोकळी ५३.१, मग पुन्हा भिंत ३.६. डाव्या कडेपासून मोजत निघालं तर पहिल्या भिंतीची आतली कड ३.६ वर. आणि समोरच्या भिंतीची आतली कड? ३.६ अधिक ५३.१. ५६.७!

तेही खरं होतं! सूत्राला मी विचारलं, आतली कड कुठे आहे? त्यानं दोन्ही कडा दाखवल्या. मला अलीकडची हवी होती, हे त्याला कसं कळावं? त्यानं आपलं काम चोख केलं, आणि आम्ही पिढ्यान् पिढ्या त्याच्या अर्ध्या उत्तरावर रेघ मारून पाच पैकी पाच घेत आलो.

गुरुवारी सकाळी मी साडेसातलाच बाजारात. बिल केलं आणि गोदामात गेले, पाइप बघायला. अहो, एकोणीस वर्षं मी पाइप बघतेच आहे, पण त्या दिवशी बघायला गेले. गोल पाइपांच्या थप्पीपुढे उभी राहिले, एका पाइपात दोन बोटं घातली आणि म्हटलं, हे वर्गमूळ. गार होतं, आणि आत थोडी माती होती.

मग शेजारची थप्पी दिसली. चौकोनी पाइप. पाणी साचायला नको म्हणून तिरके रचलेले, तोंडं माझ्याकडे. मोठा चौरस, त्याच्या आत छोटा चौरस, आणि दोघांच्या मधे लोखंडाची चौकट. बघता बघता ती चौकट माझ्या डोळ्यांपुढे सुटी झाली. वरची पट्टी डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्याच्या अलीकडेपर्यंत. उजवी पट्टी वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्याच्या अलीकडेपर्यंत. तशीच खालची, तशीच डावी. भिंगरीच्या पात्यांसारख्या एकामागे एक चार पट्ट्या. चारही सारख्या. प्रत्येकीची रुंदी जाडीइतकी, लांबी बाहेरची बाजू वजा जाडी. जाडी गुणिले बाजू वजा जाडी! माझाच मंत्र, चारदा!

आणि मोठा चौरस वजा या चार पट्ट्या म्हणजे आतला छोटा चौरस. ब वर्ग वजा चार क. विवेचक! चौकोनी पाइपाचं तोंड म्हणजे विवेचकाचं चित्र. कुणी काढलेलं नाही, आपोआप निघालेलं, दोनशे-दोनशे नगांच्या थप्पीत दोनशे वेळा छापलेलं. लेकीच्या पुस्तकात ‘पूर्ण वर्ग पद्धत’ म्हणून जो भाग आहे, ज्यात काहीतरी मिळवायचं आणि वजा करायचं असतं आणि का ते विचारायचं नसतं, तो हाच पूर्ण वर्ग. चौकटीच्या पोटात तेवढा छोटा चौरस बसवला की मोठा चौरस पुरा होतो. गोल पाइपाचंही आत हेच आहे, फक्त दोन्ही चौरसांच्या जागी त्यांच्यात बसणारे गोल. गोलाचं चौरसाशी असलेलं प्रमाण बाहेर आणि आत एकच, म्हणून समीकरण तेच राहतं. मी फोटो काढायला वाकले तर मागून हायड्रावाल्यानं हॉर्न दिला. त्याला क्रेन वळवायची होती.

शनिवारी-रविवारी मी भास्कराचार्यांत शिरले. म्हणजे आणखी कुठे शिरणार! शाळेत त्यांची एक ओळख होती, जन्म १११४, ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५०, त्याचेच भाग ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’. तेव्हा लीलावतीच्या लग्नाची घटिका आणि त्यात पडलेला मोती एवढीच गोष्ट सांगून तास संपला होता. आता ‘बीजगणित’ उघडलं तर क्ष नाहीच. अज्ञात राशीला म्हणायचं यावत्-तावत्, म्हणजे जेवढं असेल तेवढं, आणि थोडक्यात लिहायचं ‘या’. एकाहून जास्त अज्ञात असले तर रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक, लोहितक. आमच्या पाइपांच्या पट्ट्यांसारखीच! निळा, पिवळा, लाल! ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. आणि वर्गसमीकरणाच्या प्रकरणाचं नाव मध्यमाहरण. मधल्या पदाचं हरण. जे मधलं पद, म्हणजे माझं ६०.३ क्ष, सगळा घोटाळा करत असतं, कारण त्यात क्ष एकटा आहे आणि शेजारी त्याचा वर्ग बसलाय, त्यालाच नाहीसं करायचं. करायचं कसं, तो नियम भास्कराचार्य आपल्या नावावर घेत नाहीत. श्रीधराचार्यांचा म्हणून देतात, आणि श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा तो ग्रंथ तर आज हाती नाही. नियम असा: दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीनं गुणा, मग दोन्हीकडे मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. अपूर्णांकाला जागाच ठेवलेली नाही.

चौपटीनं का? गुरुवारच्या आधी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, नियम आहे म्हणून. आता मी छातीठोक सांगते: चार पट्ट्या आहेत म्हणून!

त्यांची माकडं भेटली तेव्हा तर मी एकटीच हसत होते. माकडांच्या एका टोळीचा आठवा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, तेवढी रानात खेळताहेत. बारा टेकडीवर कलकलाट करताहेत. टोळी केवढी? क्ष वर्ग वजा ६४ क्ष अधिक ७६८. विवेचक १०२४, वर्गमूळ ३२, मुळे ४८ आणि १६. पडताळून बघा: ४८ चा आठवा हिस्सा ६, वर्ग ३६, अधिक १२, बरोबर ४८. सोळाचा आठवा हिस्सा २, वर्ग ४, अधिक १२, बरोबर १६. दोन्ही टोळ्या खऱ्या! भास्कराचार्य दोन्ही उत्तरं देतात, कुणालाही रेघ मारत नाहीत. आणि लगेच दुसरी टोळी: पाचवा हिस्सा वजा तीन, याचा वर्ग गुहेत शिरला, एक माकड फांदीवर दिसतंय. इथे मुळे ५० आणि ५. पन्नास ठीक. पाचाचा पाचवा हिस्सा एक, वजा तीन, वजा दोन. वर्ग केला की चार, अधिक एक, पाच. हिशेब बरोबर, पण वर्ग करण्याआधी वजा दोन माकडं! इथे ते पाचला बाजूला ठेवतात, आणि कारण काय देतात, तर ऋण झालेल्या प्रत्यक्ष राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून. चूक आहे असं म्हणत नाहीत हं. लोकांना पटत नाही म्हणतात! साडेआठशेपेक्षा जास्त वर्षं झाली, आणि आम्ही अजून ‘अग्राह्य’ लिहितोय.

हीच युक्ती श्रीधराचार्यांच्याही आधी ब्रह्मगुप्तांच्या ६२८ मधल्या ग्रंथात आहे, आणि त्याहूनही कितीतरी आधी, साडेतीन हजारांपेक्षा जास्त वर्षांपूर्वीच्या बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर दोन लांबींची बेरीज आणि गुणाकार देऊन त्या लांबी शोधायची उदाहरणं आहेत. बेरीज ६०.३, गुणाकार २०४.४, इतकाच माझा पाइप! पण मला सगळ्यात भिडलं ते चाळीसगावजवळचं पाटण. पाटणादेवीचं ते डोंगरातलं ठिकाण. तिथल्या भवानीच्या देवळात शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे १२०७ चा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या राजानं त्याला दान दिलं, असं त्यात आहे. लेख संस्कृत, पण शेवटचा भाग चक्क मराठी. आणि त्या मराठीत आहे काय? बाजार! पाटणच्या पेठेत जो माल विकायला उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलं. मध्यमाहरण शिकवण्याचा खर्च बाजारातल्या मालावर निघत होता! कुणीतरी तो हिशेब ठेवत असणार, मालाची नोंद करत असणार, तराजूपाशी बसत असणार. मला त्या माणसाला भेटायचंय.

सोमवारी हे सगळं मी मामांना सांगितलं. मामा म्हणजे आमच्याकडे काम करणाऱ्या माथाडी टोळीचे मुकादम. तेही पाटणचेच, पण साताऱ्याकडच्या पाटणचे. या बाजारातली निम्मी माणसं तिकडचीच. मामा पाइपावर टिचकी मारून क्लास सांगतात आणि शक्यतो चुकत नाहीत. मी त्यांना चौकोनी पाइपापुढे उभं केलं, खडूनं तोंडावर चार पट्ट्या आखून दाखवल्या, आत छोटा चौरस, बाहेर मोठा चौरस, वजनावरून जाडी, जाडीवरून वजन. मामांनी तंबाखू मळत सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पाइपाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

‘ताई, समदं खरं. पर ह्येचं कोपरं तर गोल हायती. त्येंचं वजन तुमी कुठं धरलं?’

कुठेच नाही. मी धरलंच नव्हतं! पत्रा वाकवूनच तर चौकोनी पाइप होतो, कोपरा टोकदार येणार कसा? मी टेबलाकडे पळाले. पन्नास बाय पन्नास, जाडी चार. माझ्या चार पट्ट्यांनी मीटरला ५.७८ किलो भरतं. तक्त्यात ५.४५. एवढा फरक रोज डोळ्यांपुढे होता, आणि मी तक्ता बघून बिल करत होते.

दुपारचा डबा तसाच राहिला. कोपऱ्याची बाहेरची गोलाई जाडीच्या दुप्पट धरली आणि आतली जाडीइतकी, तर चारही कोपऱ्यांत मिळून जे गळतं ते जाडीच्या वर्गाच्या २.५७५ पट. म्हणजे लोखंडाचं क्षेत्रफळ चार गुणिले बाजू गुणिले जाडी, वजा ६.५७५ गुणिले जाडीचा वर्ग. पन्नास आणि चार घातले: ८०० वजा १०५.२, ६९४.८. त्याचे किलो, ५.४५. तक्ता! आणि उलट जायचं तर ६.५७५ क्ष वर्ग वजा २०० क्ष अधिक ६९४.८ बरोबर शून्य. अजूनही वर्गसमीकरणच, पण या वेळी अ एक नाही. बुधवारपासून सूत्रातल्या त्या ‘अ’ ला मी फुकटचा प्रवासी समजत होते, एक गुणिले, एक भागिले, असून नसून सारखा. तो या कोपऱ्यांसाठी बसून होता! चार अ क, १८२७३. चाळीस हजारांतून गेले, २१७२७. वर्गमूळ १४७.४. दोनशेतून गेले, ५२.६. भागिले दोन अ, म्हणजे १३.१५. चार!

आता हे १४७.४ कोण? ही पोकळी नाही. पोकळी बेचाळीसची आहे, मी मोजली. चारनं भागून बघितलं, ३६.८५, तेही कुठे सापडेना. काउंटरवर एक ड्रायव्हर बिलासाठी उभा आहे, त्याला पुण्याला निघायचंय, आणि मी खडू शोधतेय.